ओनोंडागा तलाव: पाणी निवळलं, गाळाचं काय?

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूज शहराला खेटून ओनोंडागा नावाचा तलाव आहे. आकाराने काही फार मोठा नाही. लांबी सुमारे साडेसात किलोमीटर, रुंदी दीडेक किलोमीटर, आणि सगळ्यात खोल जागी 19-20 मीटर पाणी. एके काळी हा अमेरिकेतला सर्वांत घाण तलाव म्हणून ओळखला जायचा. आज तिथे हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचे गरुड उतरतात आणि 60 पेक्षा जास्त जातींचे मासे सापडल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे हे प्रकरण बहुतेक वेळा यशोगाथा म्हणून सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण पाण्याकडून नजर काढून तळाच्या गाळाकडे पाहिलं तर गोष्ट बरीच गुंतागुंतीची होते, आणि शिकण्यासारखं जे काही आहे ते तिथेच आहे.

कारण या तलावाचं पाणी वर्षातून साधारण चार वेळा पूर्ण बदलतं. वरून ओढे येतात, खालून पाणी सेनेका नदीत आणि पुढे ऑन्टेरिओ सरोवराकडे जातं. म्हणजे घाण येण्याचं थांबलं की पाणी लवकर सावरणार हे उघड होतं. गाळ मात्र बसला तिथेच राहतो. त्याचं काय करायचं, या एका प्रश्नावर तीसेक वर्षं अभ्यास, दावे, वाटाघाटी आणि खोदकाम चाललं.

मीठ, चुनखडी आणि उरलेलं सगळं

हा तलाव ओनोंडागा राष्ट्राच्या मूळ रहिवाशांसाठी पवित्र आहे. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, केयुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांनी आपसातली वैरं सोडून होडेनोशोनी महासंघ स्थापन केला तो याच्या काठी, अशी त्यांची परंपरा सांगते. गोऱ्या वसाहतवाल्यांना मात्र इथे आधी दिसलं ते मीठ. तलावाभोवती खाऱ्या पाण्याचे झरे होते, त्यावर मिठाचा धंदा उभा राहिला आणि सिरॅक्यूजला ‘मिठाचं शहर’ असं नावच पडलं.

मीठ आहे आणि जवळच चुनखडीही आहे, म्हटल्यावर 1881 मध्ये सोल्वे प्रोसेस कंपनी इथे आली आणि 1884 पासून सोडा अ‍ॅशचं उत्पादन सुरू झालं. काच, साबण, कागद, सगळ्यांना लागणारा हा माल. बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्वे यांनी रूढ केलेली पद्धत तशी सुटसुटीत आहे: खारं पाणी, चुनखडी आणि मधे फिरत राहणारा अमोनिया. अमोनिया परत मिळवता येतो, सोडा विकता येतो. उरतं ते कॅल्शियम क्लोराइड. रसायनशास्त्राचा हिशेब मांडला तर एक टन सोड्यामागे टनाहून जरा जास्तच कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. थोडक्यात, कारखाना जितका विकण्याजोगा माल काढत होता, किमान तितकाच टाकाऊ माल काढत होता, आणि हे पद्धतीतच होतं. कोणी हलगर्जी केली नसती तरी हा ढीग उभा राहणारच होता.

हा टाकाऊ चिखल सुरुवातीला थेट तलावात आणि काठावर, पुढे बांध घातलेल्या मोठमोठ्या खाचरांत सोडला जायचा. चिखल खाली बसायचा आणि वरचं खारट पाणी ओढ्यांवाटे तलावात उतरायचं. 1943 च्या नोव्हेंबरात एक बांध फुटला आणि पांढरा चिखल शेजारच्या वस्तीत आणि राज्याच्या जत्रेच्या मैदानावर शिरला. तोवर तलावाचं काय झालं होतं ते बंदीहुकमांच्या तारखांवरून कळतं. 1901 मध्ये तलावातला बर्फ कापून विकायला बंदी आली. 1940 मध्ये पोहणं बंद झालं. मासेमारीवर बंदी यायला 1970 उजाडावं लागलं, पण त्याचं कारण निराळं होतं.

मिठाचा एक परिणाम पटकन डोळ्यांत भरत नाही. थंड प्रदेशातल्या तलावांचं पाणी वसंतात आणि शरदात वरखाली ढवळलं जातं आणि त्यामुळे तळाला प्राणवायू पोचतो. कारखान्याचं खारट पाणी जड, ते थेट तळाशी जाऊन बसायचं. काही वर्षी तर वसंतातलं ढवळणं झालंच नाही. तळाचा थर महिनोन्महिने कोंडलेला राहिला. पुढे पाऱ्याच्या बाबतीत हेच प्राणवायू नसलेलं पाणी कळीचं ठरलं.

पारा

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा मिळतो. त्या काळच्या एका पद्धतीत यासाठी पाऱ्याचा वापर व्हायचा. कंपनी तोवर अलाइड केमिकल झाली होती. 1946 ते 1970 या काळात तिच्या कारखान्यांतून सुमारे 75 टन पारा तलावात गेला असा अंदाज आहे. त्याच्या जोडीला बेन्झीन, क्लोरोबेन्झीन, नॅफ्थलीन, पीसीबी अशा विषारी रसायनांची यादी आहेच. तलावाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात या सगळ्याचा एक प्रचंड साठा झाला. त्याची जाडी काही ठिकाणी 45 फुटांपर्यंत भरली. त्याला गाळ म्हणणंही तसं चुकीचंच, कारण तो निसर्गाने आणलेला नव्हता.

1970 च्या वसंतात अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरातल्या माशांत पारा सापडला आणि सगळीकडे तपासण्या सुरू झाल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने पारा सोडणाऱ्या अनेक कंपन्यांवर दावे लावले, त्यांत अलाइडही होती. आधार घेतला 1899 च्या एका जुन्या कायद्याचा. मुळात जलमार्गात कचरा टाकून जहाजांना अडथळा होऊ नये म्हणून केलेला तो कायदा. आजच्या अर्थाचा जलप्रदूषणाचा कायदा यायला अजून दोन वर्षं होती. हाताशी होतं ते हत्यार उचललं आणि ते चाललंही: पाऱ्याचा विसर्ग एकदम खाली आला.

नळ आवळला गेला, पण आधीच ओतलेलं तसंच राहिलं. त्याला हात लागायला आणखी चार दशकं जायची होती.

सगळी घाण कारखान्याचीच होती असंही नाही. सिरॅक्यूजचं मैलापाणी याच तलावात येतं. प्रक्रिया करून सोडलेलं हे पाणी तलावात येणाऱ्या एकूण पाण्याच्या सुमारे पाचवा हिस्सा भरतं, आणि हे प्रमाण फार थोड्या तलावांच्या वाट्याला येतं. त्यातला अमोनिया माशांना मारत होता, फॉस्फरस शेवाळ वाढवत होता. शेवाळ मेलं की तळाला जाऊन कुजायचं आणि उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकायचं.

दोन दावे, दोन वाटा

इथून पुढे प्रकरण दोन वाटांनी गेलं. मैलापाण्याबद्दल 1988 मध्ये एका पर्यावरण संस्थेने काउंटीवर, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनावर, दावा लावला आणि त्यातून 1998 मध्ये कालमर्यादेसह तडजोड हुकूमनामा झाला. उद्योगाच्या घाणीबद्दल 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्याने कंपनीला कोर्टात खेचलं. तोवर नाव झालं होतं अलाइडसिग्नल, आणि 1999 च्या विलीनीकरणानंतर जबाबदारी हनीवेलकडे आली. 1994 च्या डिसेंबरात तलावाचा समावेश ‘सुपरफंड’ या विषारी जागांच्या सफाईच्या केंद्रीय कार्यक्रमाच्या राष्ट्रीय यादीत झाला. याचा अर्थ असा की ज्याने घाण केली, त्याने किंवा त्याच्या वारसदार कंपनीने ती निस्तरायची. कारखाना कधीचा बंद पडला असला तरीही.

कारखाना खरोखरच बंद पडला होता, 1986 मध्ये. आणि एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी: तलावाला पहिला मोठा दिलासा कोणत्याही शुद्धीकरण योजनेने दिला नाही, तो या टाळेबंदीने दिला. क्षारता काही वर्षांत निम्म्याहून खाली आली आणि वसंतातलं ढवळणं पूर्ववत झालं. शहराने त्याची किंमत रोजगारात मोजली, हे यशाच्या अहवालांत सहसा येत नाही.

अभ्यास मात्र संपता संपेना. किती पारा, कुठे, किती खोल, लोक तिथले मासे किती खातात, यावर वर्षानुवर्षं खल झाला. अखेर 1 जुलै 2005 रोजी राज्य आणि केंद्राच्या पर्यावरण यंत्रणांनी मिळून अंतिम निर्णयपत्र काढलं. खर्चाचा अंदाज 45 कोटी 10 लाख डॉलर. 2007 च्या जानेवारीत न्यायालयाने त्याला हुकूमनाम्याचं रूप दिलं. पाऱ्याचा नळ 1970 ला आवळला, आणि तळातल्या पाऱ्याचं काय करायचं हे 2005 ला ठरलं. या पस्तीस वर्षांना तांत्रिक कारण शोधण्यात अर्थ नाही.

उपसायचं, झाकायचं की राहू द्यायचं

निर्णय करताना पर्याय होते ते असे: सगळा दूषित गाळ उपसून काढणं, काही उपसून बाकीचा झाकणं, किंवा नुसतंच झाकणं. सगळा उपसण्याचा खर्च निवडलेल्या योजनेच्या कितीतरी पट होता, आणि उपसलेला गाळ ठेवायचा कुठे हा प्रश्न होताच. मग मधला मार्ग निघाला. तलावाचे आठ भाग पाडले. 9 मीटरपेक्षा उथळ, काठालगतचे सात भाग, आणि त्याहून खोल असलेला मधला सगळा तळ हा आठवा. उथळ भागात उपसा आणि आच्छादन. खोल भागात मुख्यतः निसर्गावर भिस्त: दर वर्षी ओढ्यांतून येणारा स्वच्छ गाळ जुन्यावर बसत जाईल आणि पारा आपोआप गाडला जाईल.

पण आधी काठ बंद करावा लागला. जुन्या कारखान्यांच्या खालची जमीन रसायनांनी भिजलेली होती आणि भूजलासोबत ती रसायनं तलावात झिरपतच होती. ती थांबवल्याशिवाय तळ साफ करणं म्हणजे वाहता नळ तसाच ठेवून फरशी पुसणं. म्हणून नैर्ऋत्य काठाने जमिनीत खोलवर पोलादी पत्र्यांची भिंत ठोकली. तिच्यामागे साचणारं पाणी पंपाने ओढून प्रक्रिया केंद्रात नेण्याची सोय केली. हे काम दिसत नाही, त्याचे फोटो छापून येत नाहीत. माझ्या मते संपूर्ण योजनेतला सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच, आणि तो उपशाच्या आधी केला हे त्याहून महत्त्वाचं.

उपसा 2012 च्या जुलैत सुरू झाला आणि 2014 च्या नोव्हेंबरात संपला. ड्रेजर तळाचा गाळ पाण्यासकट ओढून घ्यायचे आणि तो सुमारे साडेसहा किलोमीटर लांब पाइपातून कॅमिलस नावाच्या गावातल्या एका जुन्या खाचरापर्यंत ढकलला जायचा. हे खाचर सोल्वेच्याच चिखलाचं. त्यावर अस्तर घालून जिओटेक्स्टाइलच्या अजस्र नळकांड्यासारख्या पिशव्या रचल्या होत्या. गाळ पिशवीत राहायचा, पाणी कापडातून बाहेर झिरपायचं. ते पाणी आधी तिथल्या प्रक्रिया केंद्रात, मग अमोनिया काढायला शहराच्या मैलापाणी केंद्रात, आणि शेवटी परत तलावात. एकूण सुमारे 17 लाख घनमीटर गाळ असा हलवला गेला.

‘हलवला गेला’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. नष्ट काहीच झालं नाही. तलावाच्या तळाशी होतं ते आता कॅमिलसमध्ये आहे, अस्तराच्या वर आणि आच्छादनाच्या खाली. पहिल्याच उन्हाळ्यात तिथल्या रहिवाशांनी उग्र वासाची तक्रार केली. नॅफ्थलीनसारखी उडून जाणारी रसायनं त्या गाळात होती, त्यामुळे वास येणारच होता. कामाचा वेग कमी करावा लागला, पिशव्या झाकाव्या लागल्या, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. तलावाकाठच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला तेव्हा त्याची तोशीस दुसऱ्याच गावाने सोसली. तलाव-सफाईच्या कोणत्याही योजनेत गाळ कुठे जाणार, हे पान मी सगळ्यात आधी उघडून पाहतो.

आच्छादनाचं काम 2016 पर्यंत चाललं. सुमारे 475 एकर तळ झाकला गेला. हे आच्छादन म्हणजे नुसती वाळू नाही. वाळू आणि खडीच्या थरांत काही ठिकाणी सक्रिय कार्बन मिसळला आहे, खालून झिरपणारी सेंद्रिय रसायनं धरून ठेवायला. काही ठिकाणी सिडेराइट हे लोहखनिजही घातलं आहे, आणि त्याचं कारण मोठं मासलेवाईक आहे. सोल्वेचा चिखल कमालीचा अल्कधर्मी असतो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात विषारी द्रव्यं खाऊन विघटित करणारे जिवाणू जगू शकत नाहीत. सिडेराइट ती तीव्रता उतरवतं आणि जिवाणूंना काम करण्याजोगी जागा करून देतं.

तरी हे काम निर्विघ्न पार पडलं असं नाही. 2012 आणि 2014 मध्ये आच्छादनाचे काही भाग खोल पाण्याच्या दिशेने घसरले. खालचा चिखल इतका मऊ होता की वर टाकलेल्या वाळूचं वजन त्याला उतारावर पेललं नाही. त्या जागांची रचना बदलावी लागली. आच्छादनाच्या विरोधकांना हा आयता पुरावा मिळाला. समर्थक म्हणाले, चूक सापडली आणि दुरुस्त झाली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

खोल पाण्यातला नायट्रेट

या प्रकरणातला सगळ्यात अनपेक्षित भाग खोल तळाचा आहे.

गाळातला पारा मूळ रूपात माशांत फारसा शिरत नाही. प्राणवायू नसलेल्या तळात सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हा मिथाइल पारा सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत साठत जातो. म्हणजे प्रश्न पारा किती आहे इतकाच नाही, तळाशी कोणत्या जिवाणूंचं राज्य आहे हाही आहे. म्हणून 2005 च्या निर्णयपत्रात उपाय सुचवला होता तो तळाच्या पाण्यात प्राणवायू सोडून पाहण्याचा.

दरम्यान दुसऱ्या वाटेवर, मैलापाणी केंद्रात, 2004 मध्ये नवी यंत्रणा सुरू झाली होती. तिचं काम अमोनियाचं रूपांतर नायट्रेटमध्ये करणं, म्हणजे मासे वाचतील. त्यात पाऱ्याचा विचार कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. पण तलावातला नायट्रेट वाढला आणि तळाच्या पाण्यातला मिथाइल पारा कमी होत गेला. संशोधकांना त्याचं कारण उमगलं: प्राणवायू संपला की जिवाणू आधी नायट्रेट वापरतात. नायट्रेट शिल्लक आहे तोवर सल्फेटवाल्यांची पाळी येत नाही, आणि गाळाच्या पृष्ठभागावरची लोह-मँगनीजची संयुगंही टिकून राहतात. ती पाऱ्याला धरून ठेवतात.

अडचण एवढीच की उन्हाळा सरता सरता तळाचा नायट्रेट संपायचा. मग 2011 ते 2013 अशी तीन वर्षं प्रयोग झाला. एका तराफ्यावरून कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण तलावाच्याच पाण्यात अशा बेताने मिसळायचं की ते तरंगणारही नाही आणि गाळातही घुसणार नाही, तळाच्या जरा वर पसरेल. आणि ते तिथे सोडायचं. तळाच्या पाण्यातला मिथाइल पारा 2009 च्या तुलनेत 90 टक्क्यांहून जास्त घटला. प्राणवायूची योजना मागे पडली आणि नायट्रेट हाच अधिकृत उपाय ठरला.

तलावात खत ओतल्यासारखंच हे, मग शेवाळ माजणार नाही का? नाही, कारण या तलावात शेवाळाच्या वाढीला लगाम घालतो तो फॉस्फरस, आणि तो 2005 नंतर मैलापाणी केंद्राने खूप खाली आणलेला होता. फॉस्फरस आधी आवरला नसता तर नायट्रेटचा प्रयोग करायला कोणी धजावलं नसतं. आणि काउंटीने अमोनियासोबत नायट्रेटही काढून टाकणारी यंत्रणा बसवली असती, जी एरवी जास्त ‘पूर्ण’ मानली जाते, तर पाऱ्याचा प्रश्न बहुधा आणखी बिकट झाला असता. दोन दावे, दोन प्रतिवादी, दोन स्वतंत्र हुकूमनामे. पण पाणी एकच होतं, आणि सर्वांत स्वस्त उत्तर दोन्ही फायलींच्या मधोमध सापडलं.

स्वच्छ कोणाच्या मापाने

आज परिस्थिती अशी: पाणी नितळ आहे. अमोनियाचं विष गेलं. ओढ्यांच्या मुखाशी पाणथळी पुन्हा तयार केल्या आहेत. तलावाच्या उत्तर भागातलं पाणी पोहण्याच्या निकषांत बसतं. माशांतला पारा उतरला आहे, पण मासे खाण्याबाबतचे राज्याच्या आरोग्य खात्याचे इशारे उठलेले नाहीत. त्यातही गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रिया आणि लहान मुलांसाठीचे जास्त कडक आहेत. जुन्या सोल्वे खाचरांपैकी एका जागेवर 2015 मध्ये काउंटीने मैफलींसाठी खुलं सभागृह बांधलं.

ओनोंडागा राष्ट्राची भूमिका सुरुवातीपासून वेगळी राहिली. त्यांच्या मते तलाव ही मालमत्ता नसून नातलग आहे, आणि ज्याचे मासे खाता येत नाहीत तो तलाव साफ झालेला नाही. विष झाकून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. 2005 मध्ये त्यांनी या भूमीवरच्या हक्कासाठी दावा लावला. तो 2010 मध्ये फेटाळला गेला आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दखल घ्यायला नकार दिला. एका अर्थी हा खर्चाचा आणि काळाचा वाद आहे. सरकारी यंत्रणांचा निकष होता स्वीकारार्ह धोका, राष्ट्राचा निकष होता पूर्वीसारखा तलाव. निर्णयपत्रात पहिलाच बसू शकत होता.

त्यांना काहीच मिळालं नाही असं मात्र नाही. निसर्गाच्या हानीच्या भरपाईचा भाग म्हणून हनीवेलने टली खोऱ्यातली 1,023 एकर जमीन ओनोंडागा राष्ट्राला परत देण्याचं 2022 मध्ये जाहीर झालं आणि 2024 मध्ये हस्तांतर पूर्ण झालं. तलावाला मिळणाऱ्या ओनोंडागा ओढ्याचा उगम तिथे आहे. सोड्यासाठी लागणारं खारं पाणी 19 व्या शतकाच्या अखेरीपासून याच खोऱ्यातून उपसलं जायचं. आता त्या जमिनीची निगा ओनोंडागा लोक त्यांच्या पद्धतीने राखतील.

तलावाचं काम संपल्याची तारीख मात्र कोणी जाहीर करू शकत नाही. सुपरफंडच्या नियमाप्रमाणे जिथे विष जागेवर ठेवलेलं असतं तिथे दर पाच वर्षांनी आढावा घ्यावाच लागतो, आणि इथे ते तळातही आहे आणि कॅमिलसमध्येही. काठाच्या भिंतीमागचे पंप चालत राहावे लागतात, आच्छादनाची जाडी मोजावी लागते, माशांचे नमुने तपासावे लागतात. यातला कोणता खर्च कधी थांबेल, हे नव्या गाळाचा थर जुन्यावर किती वेगाने चढतो त्यावर अवलंबून आहे.